वाळूनं घडवला की वाळूनं मोडला

त्या सकाळी वाळूवर कोन कोन होतं ते आधी सांगते, म्हंजे मागाहून कुनी म्हनायला नको की म्हातारी मनचं जोडून सांगते. तू होतास. मी होते, तुझी मोठी बहीन, काखेला बोंबलांची टोपली. तुझी बायको सुनंदा होती, चपला हातात धरून, कारन इतकी वर्षं झाली तरी तिला वाळूत चालता येत नाय. आंतोन होता, पाचूबंदरचा, तुझ्या वेळचा विकेटकीपर. आन रोशनी होती, माझ्या मुलाची पोर, हातात चेंडू घेऊन. ओहोटी होती, अर्नाळ्याची कुत्री होती. बाकी कोन नाय.

दामू, तुला जाऊन अजून महिना पन झाला नाय. तुझी शिकवलेली पोरं तुझ्या नावाचं पुस्तक काढतायत. सुनंदा म्हनाली, बाय, तुम्ही पन सांगा, मी लिहून घेते. म्हनून मी बोलते आन ती लिहिते. ती मधेच माझं बोलनं नीट करायला जाते. मी तिला सांगितलं, माझं माझ्यासारखं राहू दे, नायतर त्याला कळायचं नाय कोन बोलतंय.

तुझ्या विकेटी किती, तू कुठं कुठं खेळलास, ते बाकीचे लिहितील. मला त्यातलं कधी काय कळलं नाय. मला आपलं भांडन बोलायचंय. ते अर्धं राहिलं.

तुला बापूस आठवत असेल तो थोडाच. मला सगळा आठवतो. बापूस डोलीचा मासेमार. डोल म्हंजे लांब झोळीसारखं जाळं, समुद्रात पुरलेल्या खुंटांना बांधतात ते. खुंट चिखलात खोल गेला नाय, तर पान्याची ओढ जाळं उचलून नेते. बापूस खुंट मारायला पटाईत होता, लोक त्याला बोलवून न्यायचे. तू ओहोटीच्या वाळूत पोरांना चेंडू टाकायचास. वाळू ओली, तुझा पाय सरकायचा, तू तोंडावर पडायचास आन पोरं हसायची. बापूस होडीला डांबर लावत होता. तिथूनच म्हनाला, "खुंट मार. आधी पाय खुंटासारखा मार, मंग हात सोड."

तू मारलास. टाच अशी घातलीस वाळूत की पानी उडालं. चेंडू आंतोनच्या हाताला लागला आन त्याचं करंगळीशेजारचं बोट वाकडं झालं ते आजपर्यंत वाकडं हाय. लग्नात, हळदीत, कुठं पन तो ते बोट वर करून दाखवतो. म्हनतो, ही दामूनं दिलेली अंगठी.

तेव्हापासून सगळा किनारा तुला तेच ओरडायचा. खुंट मार, दामू. सुकी मच्छी पसरनाऱ्या बाया पन ओरडायच्या, ज्यांना चेंडूफळीतलं काय कळत नव्हतं. मी पन ओरडायचे.

मंग बापूस गेला. होडी आली, बापूस नाय आला. आय त्याच्या मागं लागलीच गेली, जेवन सोडलं तिनं. माझं लग्न गावातच झालेलं, दोन घरं टाकून. तू माझ्या सासरी झोपायला लागलास. माझी सासू वाईट नव्हती, पन तुझ्या ताटात वाढताना तिचा हात जड व्हायचा. मी माझ्यातलं तुझ्याकडं सरकवायचे आन तू ते परत माझ्याकडं सरकवायचास. कोन काय बोलायचं नाय. पाटी डोक्यावर घेऊन मी बोळिंजला विकायला जायचे, तेव्हा तिथं बिल्डिंगी थोड्याच होत्या, वाड्या जास्त. तू माझ्या एसटीच्या बाजूनं पळत यायचास, फाट्यापर्यंत. कंडक्टर म्हनायचा, ह्याला आत घ्या, नायतर हा गाडीच्या पुढं जाईल.

तुला मुंबईच्या कंपनीनं त्यांच्याकडून खेळायला घेतला तो तुझ्या चेंडूच्या जोरावर. तिकडं पक्की खेळपट्टी. पहिल्या दिवशी घरी आलास आन ओट्यावर बसून टाच दाखवलीस, काळीनिळी झालेली. मी हळद गरम केली. तू म्हनालास, "बाय, तिथं पाय खाली जातच नाय. जेवढा मारावा तेवढा वर येतो." मी म्हनाले, सवय होईल. तुझ्या साहेबाला पन तेच वाटलं, तुला पन तेच वाटलं. आपल्याला दुसरं काय ठाऊक होतं? वाळूत पाय मारायला लागतो, तर आपन मारायचो. खाली दगडासारखी जमीन असली की तोच मार कंबरेत जातो हे आपल्याला सांगनार कोन. आपल्या गावात कंबर मोडते ती पाटीनं नायतर जाळी ओढून. पायानं मोडते हे कोनी ऐकलं नव्हतं.

मोठ्या निवडीचं बोलावनं आलं त्याच मोसमात तुझी कंबर गेली. डॉक्टरनं फोटो काढला, मनक्याला तडा हाय म्हनाला. तुला टेम्पोत आडवा घालून आनला. टेम्पो आंतोनचाच, बर्फाचा. रस्ताभर आंतोन रडत होता आन गाडी हाकत होता. मी त्याला म्हनाले, तू एक काय तरी कर.

तुला फळीवर झोपवलं. गादी नाय चालायची. मी तुला अंघोळ घालायचे, पेज पाजायचे, कुशीवर वळवायचे. तू एवढा मोठा गडी, वळवताना माझ्याकडं बघायचा नायस, आढ्याकडं बघायचास. समुद्राकडची खिडकी तू बंद करायला लावलीस. उन्हाळा होता. आत भट्टी व्हायची. मी खिडकी उघडली नाय आन तुला कधी विचारलं पन नाय. बाहेर वाळूत पोरं खेळायची, त्यांचं ओरडनं भिंतीतून यायचंच. खुंट मार, खुंट मार. तू डोळे मिटून घ्यायचास.

पन मागं आळीत सिमेंट टाकलेलं होतं. भरती असली की पोरं तिकडं खेळायची. सिमेंटवर पायांचा आवाज येतो. एक दिवस मी तुला पेज भरवत होते, तू मधेच हात वर केलास. म्हनालास, बाय, हा जो आता पळाला ना, त्याचा शेवटचा पाय लांब पडतो. त्याला सांग, जवळ टाक. मी दारातून ओरडून सांगितलं. पोरानं केलं तसं. मंग नुसती दांडी उडाल्याचा आवाज आला. तू हसलास. किती दिवसांनी हसलास ते मला ठाऊक, तुला नाय. मला हुंदका आला तो मी पेजेच्या वाटीत घातला.

लोक म्हनतात दामू सर मैदानावर घडले. मी म्हनते तू फळीवर घडलास, बंद खिडकीच्या आत.

बोळिंजला तू पोरांना शिकवायला मैदान धरलंस तेव्हा मी तिथंच मच्छी विकत होते. आता वाड्या गेल्या होत्या, बिल्डिंगी आल्या होत्या, आन प्रत्येक बिल्डिंगीत तुझ्याकडं येनारं एक पोर. बायांना कळलं की मी तुझी बहीन. मंग काय. एक बाई पापलेट हातात घेऊन दाबून बघतेय आन म्हनते, मावशी, तुमच्या भावाला सांगा ना, आमच्या आरवला आधी बॉलिंग द्या म्हनावं. मी म्हनाले, ताई, पापलेट घ्यायचं तर घ्या, बॉलिंग तिकडं कुंपनाच्या आत मिळते. दुसरी म्हनाली, सर मुलं पळतात तेव्हा डोळे मिटून उभे असतात, झोपतात का हो? मी म्हनाले, तो कानानं बघतो. तिला वाटलं मी मस्करी करते.

मी कुंपनाशी पाटी टेकवून बघायचे. तू पांढऱ्या कपड्यात, डोळे मिटून, मान जरा खाली. पोरगं पळत यायचं, पाय पडायचा, तू बोट वर करायचास. पुन्हा. तिकडं तू शुद्ध बोलायचास. पोरांना "पाणी प्या" म्हनायचास, आन मी दिसले की "बाय, पानी दे गं". मला ते फार बरं वाटायचं. मी ते तुला कधी सांगितलं नाय. आपल्यात अशी बोलायची रीत नव्हती.

आन लिफ्ट. बोळिंजला तुझ्या घरी जेवायला यायचे तेव्हा लिफ्टमधले लोक नाकाला रुमाल लावायचे. तू मुद्दाम खाली यायचास, माझी पाटी उचलायचास आन लिफ्टच्या मधोमध उभा राहायचास. त्या कंबरेनं. मी शिव्या द्यायचे तुला. तू म्हनायचास, पाटी रिकामी तर हाय. रिकामी नसायची.

तर भांडन. गावातली पोरं विचारायला लागली, दामूकाका आम्हाला का शिकवत नाय. तू म्हनालास, बोळिंजला या, कोनाला नाय म्हनत नाय. थोडी आली. सकाळी त्यांना घरी कामं, होड्या लागायची वेळ, सुकी मच्छी पसरायची वेळ. हळूहळू सुटली. वर तू नियम काढलास, जो वाळूत बॉलिंग करतो त्यानं माझ्याकडं यायचं नाय. मंग तर संपलंच. आमच्याकडं वाळूशिवाय हाय काय?

बंदरावर बाया मला ऐकवायच्या. दामू आता बिल्डिंगवाल्यांचा झाला. आम्हाला तो फक्त लग्नात दिसतो. मी त्यांना चांगलं सुनावायचे. तुझ्या घरी येऊन मात्र तेच तुला ऐकवायचे. आपली किती जेवनं त्यात गेली. तू म्हनायचास, वाळूनं मला मोडला. मी म्हनायचे, वाळूनं तुला घडवला. तू म्हनायचास, घडवला असता तर मी आज फळीवर झोपलो नसतो. मी म्हनायचे, वाळू नसती तर तुला कंपनीनं घेतला नसता, तू माझ्याबरोबर पाटी वाहिली असतीस. सुनंदा आमटीचा डाव घेऊन उभी. ती म्हनायची, ती वाळू जेवायला येणार असेल तर तिचं पण पान मांडते. तेव्हा कुठं आपन दोघं जेवायला लागायचो.

तुझं खरं कारन मला उशिरा कळलं. तू एकदा बोललास, बाय, वाळूत पायाचा आवाज येत नाय. मी तिथं काय शिकवू? मी बहिरा होतो तिथं.

मला वाटलं सबब सांगतोस. आता तसं वाटत नाय.

रोशनीचं तुला ठाऊक हाय, पन वाचनाऱ्यांना नाय, म्हनून सांगते. ही पोर जोरात टाकते. मुलांपेक्षा जोरात. तिला कोनी शिकवलं नाय, आंतोननं फक्त किनाऱ्यावर उभं राहून ओरडायचं काम केलं, तेच आपलं, खुंट मार. ती तशीच टाच घालते, तसंच पानी उडतं. गावाला तू परत दिसायला लागलास. म्हातारे पन बघायला यायचे.

तुझा नियम मोडून मी तिला तुझ्या मैदानावर आनली. घरी ती तुला आजा म्हनते, तू तिला दारातच सांगितलंस, इथं सर. ती पळाली, पाय पडला, तू डोळे मिटले होतेस ते उघडलेस. तुझा चेहरा मी कुंपनाबाहेरून बघितला. फळीवरचा चेहरा होता तो. दोन-चार चेंडूंनंतर तू तिला थांबवलंस आन सगळा वेळ नुसतं चालायला लावलंस. ह्या टोकाकडून त्या टोकाकडं. मुलं हसली. पोर घरी येऊन दप्तर आपटते तसा चेंडू आपटला तिनं. म्हनाली, आजा मला चालायला शिकवतो, मी काय रांगते काय? परत गेली नाय.

मी तुला विचारलं, काय झालं? तू म्हनालास, "तिच्या पायाचा आवाज माझा हाय, बाय."

 तेव्हापासून मी पोरीकडं बघायला लागले. आन एके दिवशी पान्याचा हंडा उचलताना तिनं दाराची चौकट धरली. दुसरा हात कंबरेवर, मागं, जरा डावीकडं. तिथंच तुझा हात असायचा. मी विचारलं तर म्हनाली, काय नाय गं आजी, झोपेत आखडलं. तू पन हेच सांगायचास.

मी पाटी तशीच टाकली आन बोळिंजला आले. त्या दिवशी मच्छी नव्हती माझ्याकडं, लिफ्टमधे कोनी नाक धरलं नाय. तुला सांगितलं, पोरीला दुखतंय. ती तुझ्याकडं येनार नाय, ती वाळू सोडनार नाय, तर तू वाळूवर ये. तू म्हनालास, तिथं आवाज नाय. मी म्हनाले, आवाज नाय तर नाय. डोळे हायेत ना?

तू चहा पीत राहिलास. मी उठून आले.

मंग ती सकाळ. तू रिक्षातून उतरलास आन होड्यांच्या आडोशाला उभा राहिलास, चोरावानी. कंबर गेल्यापासून तू खेळायच्या वेळी तिथं पाय ठेवला नव्हतास. आंतोननं लांबूनच वाकडं बोट वर केलं. तू पन हात वर केलास, पन पुढं आला नायस. रोशनीनं बघितलं, बघितल्यासारखं केलं नाय, पळाली. आंतोन सवयीनं ओरडला, खुंट मार, पोरी. तू म्हनालास, गप रे. सवयीनंच तू पन डोळे मिटलेस. समुद्राशिवाय काय ऐकू येनार? तू डोळे उघडलेस, आन मी तुला चालताना बघितलं. तिचा पाय जिथं पडला होता तिथं तू गेलास. एक हात गुडघ्यावर ठेवून, थांबत थांबत खाली बसलास. सुनंदा धावली, तू तिला हातानं थांबवलंस.

वाळूत खड्डा पडला होता. टाचेकडं खोल, त्यात पानी भरत होतं. पंज्याकडं उथळ, आन पंजा बाहेर वळलेला. तू त्यात पंजा घातलास, हाताचा. 

मंग म्हनालास, "बाय, इकडं ये. हे बघ. मी इतकी वर्षं कानानं शोधतोय, आन इथं सगळं समोर पडलंय."

तू मला दाखवलंस, जशी मी कुनी शिकनारी होते. पंजा बाहेर वळला की कंबर इकडं जाते. खांदा तिकडं. मधे मनका. तू दोन्ही हातांनी कपडा पिळल्यासारखं केलंस. मला कळलं. मी धुनं पिळत आले आयुष्यभर.

रोशनी लांब उभी होती, पाय आपटत. तू तिला बोलावलंस. सर म्हनायला लावलं नायस. तू तिला म्हनालास, तुझा पनजा, आमचा बापूस, खुंट मारायचा, पन नांगर पन टाकायचा. नांगर कसा टाकतात? ती म्हनाली, सोडतात. मारत नाय. मंग दोर थोडा जातो, आन धरतो. तू म्हनालास, तसा पाय. सगळा तळवा एकदम, आन गुडघा जरासा सोड. पंजा विकेटीकडं.

आंतोन म्हनाला, म्हंजे मी एवढी वर्षं चुकीचं ओरडलो? तू म्हनालास, "बापूस वाळूचं बरोबर सांगत होता. आपन तो खुंट घेऊन दगडावर गेलो." आंतोन ते बोट चोळत उभा राहिला.

ती पळाली. नवा खड्डा पडला, उथळ, सरळ. पन चेंडू पन सावकाश गेला. आंतोननं तो एका हातानं धरला. पोरीचं तोंड पडलं. म्हनाली, आजा, जोर गेला. तू म्हनालास, जाऊ दे. जोर कुठं जात नाय, तो पायातून काढून दुसरीकडं ठेवायचा असतो. तो कुठं ठेवायचा ते रविवारी सांगतो. तोवर नुसता असाच पाय टाक, जोर लावायचा नाय. ती तयार झाली. पहिल्यांदा ती तुझ्यापुढं मान हलवून तयार झाली.

तुला उठवायला आम्ही तिघं लागलो. रिक्षाकडं जाताना मी तुला विचारलं, मंग आता सांग, वाळूनं घडवला की वाळूनं मोडला? तू हसलास. फळीवरचं नाय, वाळूवरचं हसू, पडलास की हसायचास तसं. म्हनालास, रविवारी सांगतो, बाय, आधी पोरीचा पाय बघू.

शनिवारी सकाळी तू चहा घेतलास, कप खाली ठेवलास, आन बसल्या जागी गेलास. सुनंदा आत डबा भरत होती. तिला वाटलं पेपर वाचतोस.

तुला अर्नाळ्याला आनलं. बोळिंजची पोरं आली, लहान, मोठी, लग्न झालेली, पांढऱ्या कपड्यात. त्यांच्यातल्या कितीकांनी आमचा किनारा पहिल्यांदा बघितला असेल. बूट घालून ते तुझ्यामागं वाळूतून चालत होते. पापलेट दाबनारी बाई पन आली होती. तिचा आरव आता दाढीवाला झालाय. त्यानं तुला खांदा दिला.

तू जळत होतास तेव्हा रोशनी रडत नव्हती. ती खाली बघत होती. मला वाटलं पोरीला भोवळ येते. जवळ गेले तर म्हनाली, "आजी, बघ ना, ह्यांच्यातल्या कुनाचीच टाच खोल नाय." मी बघितलं. सगळ्या वाळूभर बुटांचे ठसे, सपाट, सरळ. कुनाचा एकाचा पन पंजा बाहेर वळलेला नाय. तू त्यांना चालायला शिकवलं होतंस. ती तिथंच खाली बसली आन मंग रडली.

तुला काय सांगू, दामू. मी रोज ओहोटीला जाते, बोंबील काढायच्या आधी. मला अजून वाटतं तू होडीच्या आडून येशील, पानी दे गं म्हनशील. मी बाटली नेते बरोबर, सवय लागली. आपलं भांडन मी एकटीच पुढं चालवते. तुझं पन मीच बोलते आन माझं पन. पन तुझ्या वतीनं बोलताना मी अडकते, कारन त्या दिवशी तू काय उत्तर देनार होतास ते मला येत नाय. तू हसून गेलास. मला हसू नको होतं, मला उत्तर पाहिजे होतं.

सुनंदा म्हनते, बाय, दोन्ही असेल. असेल. पन ते तुझ्या तोंडून आलं असतं तर मी तुला आनखी एक घास वाढला असता.

पोरीनं काही दिवस तुझं ऐकलं. नांगरासारखा पाय, सावकाश चेंडू. मुलं तिचे चेंडू मारायला लागली, थेट पान्यात. ती सोसत होती. रविवार आला, तो गेला, दुसरा पन गेला. परवा एकानं तिचे चेंडू सलग पान्यात मारले आन वर म्हनाला, काय रोशनी, आजा गेला आन जोर पन घेऊन गेला काय? तिनं पुढचा चेंडू टाकला तो खुंट मारून. पानी उडालं. दांडी उडाली. सगळा किनारा ओरडला. मी एकटी ओरडले नाय. ती परत जाताना हात कंबरेवर होता.

मी तिला काय सांगू? मला अर्धंच ठाऊक हाय. पाय कसा टाकायचा ते मला त्या दिवशी कळलं. जोर कुठं ठेवायचा ते मला येत नाय, आंतोनला येत नाय. तू ते तुझ्याबरोबर घेऊन गेलास.

आता तू जरा थांब, दामू. मला ह्या वाचनाऱ्यांशी बोलायचंय.

बाबांनो, बायांनो, जे कोन हे वाचत असाल. तुमच्यातले किती तरी त्याच्याकडं शिकलात. तुमच्या टाचा मी बघितल्यात. तो जोर पायातून काढून कुठं ठेवायला सांगायचा ते तुम्हाला त्यानं सांगितलं असनार. ते मला लिहून पाठवू नका, मला नीट वाचता येत नाय आन पोरगी वाचून शिकनारी नाय. तुमच्यातल्या कोनीतरी एकानं, रविवारी ओहोटीला अर्नाळ्याच्या वाळूवर या. कोनाला पन विचारा, रोशनी कुठं टाकते ते दाखवतील. या, आन तिला शिकवा.